परदेशी सेकंड हँड गाडी 'स्वस्तात' मिळतेय? आधी टॅक्सचं गणित आणि हे चार कागद तपासा

इन्स्टाग्रामवर रील येतं. जुनी पण चकाचक लँड क्रूझर, खाली लिहिलेलं असतं, 'इम्पोर्टेड, पेपर्स क्लिअर, ॲपवर चेक करा, किंमत बोलून ठरवू.' तुम्ही गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपमध्ये टाकता. मॉडेल बरोबर, फिटनेस चालू, इन्शुरन्स चालू. मग वाटतं, सरकारी ॲपच हो म्हणतंय, तर घाबरायचं कशाला?

घाबरायचं कारण आहे. ॲपवर दिसते ती आरटीओची नोंद. परदेशातून आलेल्या गाडीचा मोठा टॅक्स आरटीओमध्ये नाही, कस्टम्समध्ये भरावा लागतो, आणि तो भरला की नाही हे एमपरिवहन सांगत नाही. हा फरक कळला नाही तर गाडी आणि पैसे दोन्ही जाऊ शकतात. म्हणून आज दोन गोष्टी बघू: वापरलेली गाडी कायदेशीरपणे भारतात आणायला खरोखर किती खर्च येतो, आणि अशी गाडी इथे कुणाकडून घ्यायची असेल तर मोबाईलवरून काय काय तपासता येतं.

कुठलीही जुनी गाडी आणता येते का?

नाही. जपान किंवा ब्रिटनच्या वेबसाईटवर १० वर्षं जुनी गाडी अगदी कमी किमतीत दिसते, पण ती भारतात आणता येत नाही. वापरलेल्या गाडीसाठी आयात धोरणातल्या मुख्य अटी अशा आहेत:

- गाडी बनल्याच्या तारखेपासून ३ वर्षांपेक्षा जुनी नको.
- स्टीअरिंग उजव्या बाजूला हवं. म्हणजे दुबई, अमेरिका, जर्मनीतल्या नेहमीच्या गाड्या इथेच बाद. ब्रिटन, जपान, सिंगापूर, ऑस्ट्रेलियातल्या गाड्या या अटीत बसतात.
- स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा. ब्रिटनच्या गाड्या मैल दाखवतात, त्यामुळे तो बदलावा लागतो.
- हेडलाईटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा.
- गाडी पुढची किमान ५ वर्षं रस्त्यावर चालण्यालायक हवी आणि तेवढी वर्षं इथे सर्व्हिस मिळेल याची हमी हवी.
- वापरलेली गाडी मुंबई बंदरातूनच आत येऊ शकते.

याशिवाय गाडीची चाचणी करून घ्यावी लागते. ज्या संस्थांकडे ही चाचणी होते, त्यांपैकी दोन आपल्याच राज्यात आहेत: पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई.

यातली ३ वर्षांची अट नीट लक्षात ठेवा. पुढे गाडी तपासताना तीच सगळ्यात जास्त कामाला येणार आहे.

टॅक्स: चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

फेब्रुवारी २०२५ च्या बजेटनंतर बऱ्याच ठिकाणी बातमी फिरली की वापरलेल्या गाडीवरची ड्युटी १२५ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर आली. बातमी खोटी नव्हती, अर्धी होती. मूळ सीमाशुल्क ७० टक्के झालं, पण त्याच वेळी त्यावर ६७.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा आणि विकास उपकर बसला. बेरीज १३७.५ टक्के. आधी १२५ टक्के ड्युटी आणि त्या ड्युटीवर १० टक्के अधिभार मिळून किती व्हायचे? तेही १३७.५ टक्केच. नावं बदलली, बिल तेवढंच राहिलं.

पुढची पायरी आयजीएसटीची. हा नुसत्या गाडीच्या किमतीवर लागत नाही, 'किंमत अधिक ड्युटी' या बेरजेवर लागतो. म्हणजे टॅक्सवर टॅक्स. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांसाठी जीएसटीचा दर ४० टक्के आहे. ४ मीटरपर्यंत लांबीच्या लहान गाड्यांसाठी (पेट्रोल १२०० सीसी, डिझेल १५०० सीसीपर्यंत) तो १८ टक्के आहे. पण लहान गाडी परदेशातून कोण आणतंय!

शेवटी रोड टॅक्स. महाराष्ट्रात साध्या पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के लागतात. आयात केलेल्या गाडीला मात्र सरळ २० टक्के, मग इंधन कुठलंही असो. १ जुलै २०२५ पासून या टॅक्सची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली आहे.

अजून एक गोष्ट. 'मी तिकडे ११ लाखांनाच घेतली, हे बघा बिल' एवढं कस्टम्सला पुरत नाही. जुन्या गाडीची किंमत काढताना साधारणपणे ती नवी असतानाची किंमत धरतात आणि त्यातून घसारा वजा करतात: पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३ टक्के, तिसऱ्या वर्षी अडीच टक्के. म्हणजे २ वर्षं जुन्या गाडीला १६ अधिक १२, असे एकूण २८ टक्के कमी होतात.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत, दर खरे आहेत. समजा गाडी नवी असताना परदेशात २० लाखांची होती आणि आता २ वर्षांची झाली आहे.

- घसारा वजा करून किंमत: १४.४० लाख
- जहाजाचं भाडं आणि विमा (अंदाजे): १.६० लाख. एकूण १६ लाख
- १३७.५ टक्के ड्युटी आणि उपकर: २२ लाख. एकूण ३८ लाख
- ३८ लाखांवर ४० टक्के आयजीएसटी: १५.२० लाख. एकूण ५३.२० लाख
- त्यावर २० टक्के रोड टॅक्स: १०.६४ लाख

हातात पडेपर्यंत: ६३.८४ लाख रुपये.

रोड टॅक्सचा शेवटचा आकडा आरटीओ काढतं आणि चाचणी, बंदराचा खर्च, एजंटची फी यात धरलेलीच नाही. पण चित्र स्पष्ट आहे. १६ लाखांच्या गाडीवर जवळपास ४८ लाख टॅक्स! म्हणजे गाडीच्या तिप्पट.

परदेशातून कायमचं परत येताना स्वतःची गाडी आणली तर?

सिंगापूर किंवा लंडनला असलेल्या दादा-ताईंचा हा नेहमीचा प्रश्न. घरचं सामान आणताना 'ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स'ची सवलत मिळते, मग गाडीला का नाही? कारण सीमाशुल्क कायदा, १९६२ मधल्या 'बॅगेज'च्या व्याख्येतच मोटार वाहन वगळलं आहे. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन सामानात मोजता येतात, गाडी नाही. त्यामुळे भावनिक कारण नसेल तर गाडी तिकडेच विकून येणं बहुतेकांना परवडतं.

मग ॲपवर 'क्लिअर' दिसणारी स्वस्त गाडी येते कुठून?

वरचं गणित कळलं की हा प्रश्न आपोआप पडतो. कायदेशीर मार्गाने जी गाडी ६० लाखांच्या पुढे जाते, ती कुणी २० लाखांत कशी देतो?

२३ सप्टेंबर २०२५ ला केरळमध्ये कस्टम्सने 'ऑपरेशन नुमखोर' नावाने छापे घातले. नुमखोर म्हणजे भूतानच्या भाषेत गाडी. कस्टम्सचं म्हणणं असं की भूतानमधल्या जुन्या गाड्या ड्युटी न भरता भारतात आणल्या, सैन्यदल आणि दूतावासांच्या नावाने बनावट कागद तयार केले, हिमाचल प्रदेशासारख्या राज्यांत त्यांची नोंदणी केली आणि मग त्या पुढे विकल्या. एका दिवसात ३० हून जास्त गाड्या ताब्यात घेतल्या गेल्या.

यात ॲप कसं फसतं ते बघा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ४७ नुसार आयात गाडीची पहिली नोंदणी करताना कस्टम्सचा मंजुरीचा कागद द्यावा लागतो. हा कागद बघायची खरी वेळ ही एकदाच येते. तिथे बनावट कागद खपला की गाडी 'वाहन' या डेटाबेसमध्ये शिरली. पुढे ती दुसऱ्या राज्यात गेली, तिसऱ्या मालकाकडे गेली, तर प्रत्येक आरटीओ आधीच्या आरटीओची नोंद बघून पुढे जातं. एमपरिवहन आणि डिजिलॉकर हीच नोंद तुम्हाला दाखवतात. ॲप खोटं बोलत नाही. त्याला जे भरून दिलंय तेवढंच ते सांगतं. कस्टम्सची यंत्रणा वेगळी आहे, तिचं नाव आईसगेट.

आणि गाडी पकडली जाते तेव्हा ती असते शेवटच्या मालकाच्या दारात. सीमाशुल्क कायद्याच्या कलम ११० खाली ती जप्त होऊ शकते. कलम १२५ खाली दंड भरून गाडी सोडवायची सोय आहे, पण ज्या मालाच्या आयातीला बंदी आहे त्याबाबत ती सोय द्यायची की नाही हे अधिकारी ठरवतात. 'मला माहीत नव्हतं' म्हणून गाडी लगेच परत मिळत नाही. विकणारा तोवर नंबर बदलून मोकळा झालेला असतो.

टोकन देण्याआधी हे चार तपासा

१. बनल्याची तारीख आणि पहिल्या नोंदणीची तारीख. आरसीवर दोन्ही असतात. गाडी २०१० ची आणि भारतातली पहिली नोंदणी २०१९ ची, असं दिसलं की तिथेच थांबा. ३ वर्षांची अट असताना ९ वर्षं जुनी गाडी आली कशी? दूतावासाची किंवा लिलावातली गाडी असेल तर हे शक्य असतं, पण मग त्याचे कागद दाखवणं विकणाऱ्याचं काम आहे.

२. चासी नंबर, म्हणजे १७ अक्षरांचा व्हीआयएन. काचेखाली किंवा दाराच्या चौकटीवर असतो. तो स्वतः वाचा, फोटो काढा आणि आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. पहिल्या अक्षरावरून गाडी कुठे बनली ते कळतं: जे म्हणजे जपान, डब्ल्यू म्हणजे जर्मनी. भारतात बनलेल्या गाडीचा नंबर साधारणपणे एमने सुरू होतो. कागदावर भारतीय गाडी आणि व्हीआयएन जे ने सुरू, तर गडबड आहे.

३. बिल ऑफ एंट्री. हाच तो कागद, जो ड्युटी भरल्याचा माग दाखवतो. त्यावर नंबर, तारीख आणि बंदर असतं. फोटोवर विश्वास ठेवू नका. आईसगेटच्या वेबसाईटवर सार्वजनिक चौकशीच्या विभागात बंदर, नंबर आणि तारीख टाकून बिल ऑफ एंट्रीची स्थिती बघता येते. मोबाईलवर चालतं, पैसे लागत नाहीत. नंतर बिलावरचा चासी नंबर गाडीशी जुळवा, नाहीतर दुसऱ्याच गाडीचं खरं बिल तुमच्या हातात दिलेलं असायचं.

४. नोंदणीचा प्रवास. पहिली नोंदणी कुठे झाली, किती मालक झाले, एनओसी कुठून कुठे गेली? मालक कधी त्या राज्यात राहिलाच नाही आणि गाडी मात्र तिथली, असं असेल तर कारण विचारा. पहिल्या आरटीओकडे लेखी चौकशी करता येते.

या चारपैकी एकाचंही उत्तर 'ते नंतर देतो, आधी टोकन टाका' असं आलं तर फोन ठेवून द्या.

परदेशी गाडीची हौस असेल तर सरळ मार्ग

अधिकृत कंपनीने आयात करून भारतात विकलेली आणि आता सेकंड हँड झालेली गाडी बघा. तिची ड्युटी पहिल्या विक्रीच्या वेळीच भरलेली असते, तुम्हाला पुन्हा भरावी लागत नाही. महाराष्ट्रातलीच असेल तर फॉर्म २९ आणि ३० भरून नावावर होते. परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि इथला रोड टॅक्स भरावा लागतो. तो आधी विचारून घ्या, म्हणजे किंमत ठरवताना हिशोबात धरता येईल.

आणि पुढच्या वेळी कुणी 'ॲपवर चेक कर' म्हणालं तर त्याला एवढंच सांगा: ॲप मी बघितलं, आता बिल ऑफ एंट्रीचा नंबर द्या.