बीबीच्या मकबऱ्याच्या कवाडावरील लेख

औरंगाबाद (इ. स. २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर) येथील बीबीचा मकबरा पाहावयास जाणारा मनुष्य बहुधा एकच प्रश्न मनांत धरून जातो; तो हा कीं, आग्र्याच्या ताजमहालाच्या मानानें ही इमारत कितपत उतरली आहे. संगमरवर थोडा व चुना फार, असा निकाल देऊन तो परत फिरतो. आम्हीही असाच निकाल देत आलों. इतकेंच नव्हे, तर शाळेंत असतां वर्षानुवर्षें मुलांस तेथें घेऊन जात होतों, आणि ही इमारत शाहजादा आझमशाह यानें आपल्या मातेच्या स्मरणार्थ बांधिली, असें त्यांस बिनदिक्कत सांगत होतों. ज्या दारांतून मुलांस आंत नेत होतों त्या दारावरच या विधानाचें खंडन लिहिलेलें होतें, हें सेवानिवृत्तीनंतर आमच्या ध्यानांत आलें. त्या चुकीची दुरुस्ती व्हावी, आणि तिच्या ओघांत जें निष्पन्न झालें तें संग्राहकांपुढें यावें, एवढ्याचसाठीं हा लेख.

मुख्य दरवाजाचीं लाकडी कवाडें पितळी पत्र्यानें मढविलेलीं असून त्यावर सुरेख वेलबुट्टी उठविली आहे. येथील लेखांत दोन नांवें व एक सन येतो. पहिलें नांव अताउल्ला, हा नकशा करणारा. दुसरें हंसपत राय, हा बांधकाम चालविणारा. दुसऱ्या नांवाचा 'हसपत' असाही पाठ आढळतो. सन हिजरी १०७१, म्हणजे इ. स. १६६०-६१. संस्कृत पोथीच्या अखेरीस लेखकाचें नांव व शक सांगणारी पुष्पिका असते. हा लेख म्हणजे या इमारतीची पुष्पिकाच होय. मात्र पोथीची पुष्पिका शेवटल्या पानावर असते व ही पहिल्याच उंबरठ्यावर आहे, म्हणून घुमटाकडे दृष्टि लावून चालणाराच्या ती नजरेंतून सुटते.

आतां कालगणना पाहूं. मकबरा जिचा, ती औरंगजेबाची पत्नी दिलरसबानू बेगम इ. स. १६५७ च्या ऑक्टोबरांत वारली. त्यापूर्वी सुमारें एक महिना तिला शाहजादा अकबर हा पुत्र झाला होता. हाच अकबर पुढें इ. स. १६८१ मध्यें बापाविरुद्ध उठून संभाजी महाराजांच्या आश्रयास आला. आझमशाहाचा जन्म २८ जून १६५३ चा. म्हणजे माता वारली तेव्हां तो चार वर्षांचा, आणि कवाडावर सन घातला गेला तेव्हां सात-आठ वर्षांचा होता. या वयाच्या मुलानें एवढें बांधकाम योजिलें व पुरें केलें, हें संभवत नाहीं. कित्येक पुस्तकांत बांधकामाचा आरंभ इ. स. १६५१ चा दिलेला असतो. तो सन आणि आझमशाहाचें कर्तृत्व हीं दोन्हीं एकत्र मान्य करूं गेल्यास, आपल्या जन्मापूर्वी दोन वर्षें त्यानें जिवंत मातेच्या कबरीचा पाया घातला, असें म्हणण्याची पाळी येते. आझमशाहानें पुढें येथें डागडुजी केली असें कोणी म्हटल्यास आमची हरकत नाहीं. परंतु इमारत त्याच्या बापाच्या आज्ञेनें व बापाच्याच खजिन्यांतून उभी राहिली, हेंच मानणें प्राप्त आहे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानें सुरतेहून गोवळकोंड्यास जातांना या कामासाठीं चाललेले संगमरवराचे तीनशेंवर गाडे पाहिले, आणि त्यांतील लहानांत लहान गाड्यास बारा बैल होते असें नमूद केलें आहे. गुलाम मुस्तफा याच्या 'तारीखनामा' ग्रंथांत खर्चाचा आंकडा ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा दिला आहे.

हें झालें सनाविषयीं. नांवांपैकीं अताउल्ला हें नांव आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. हा उस्ताद अहमद लाहोरी याचा पुत्र. ताजमहाल व दिल्लीचा लाल किल्ला हीं आपल्या पित्याचीं कामें होत, असें अताउल्लाचा भाऊ लुत्फुल्ला यानें आपल्या फारसी काव्यसंग्रहांत लिहून ठेविलें आहे. तो संग्रह हस्तलिखितरूपानें बंगळूर येथें एका खाजगी संग्रहांत राहिला होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सय्यद सुलेमान नदवी यांनीं त्याकडे विद्वानांचें लक्ष वेधिलें. म्हणजे ज्या इमारतीस सारें जग ओळखतें, तिच्या शिल्पज्ञाचें नांव दगडावरून नव्हे, एका बासनांतून निघालें. पित्यानें सासूचा मकबरा रचिला व पुत्रानें सुनेचा. तेव्हां दोहोंत साम्य दिसलें तर त्यांत नवल नाहीं.

परंतु अताउल्ला केवळ शिल्पज्ञ नव्हता. हिजरी १०४४, म्हणजे इ. स. १६३४-३५ मध्यें, त्यानें भास्कराचार्यांच्या बीजगणिताचें फारसी भाषांतर करून तें शाहजहानास अर्पण केलें. लीलावतीचें फारसी रूपांतर अकबर बादशाहाच्या वेळीं फैजीनें इ. स. १५८७ त केलेंच होतें. बीजगणिताचें काम अताउल्लानें पार पाडिलें. त्याच फारसी प्रतीवरून एडवर्ड स्ट्रॅची यानें इ. स. १८१३ मध्यें इंग्रजी बीजगणित प्रसिद्ध केलें. कोलब्रूक याचें थेट संस्कृतावरून केलेलें भाषांतर इ. स. १८१७ चें. म्हणजे भास्करांचें बीजगणित इंग्रजी वाचकांपुढें प्रथम पुस्तकरूपानें आलें तें आमच्या या कवाडावरील मनुष्याच्या हातून. ज्यांनीं जन्मभर संस्कृत शिकविलें त्या आम्हांस हें नांव वाचून काय वाटलें असेल, तें वाचकांनींच ताडावें.

मकबऱ्याहून खुलताबादेकडे निघालें कीं वाटेंत दौलताबादचा किल्ला लागतो. मोगलांनीं तो इ. स. १६३३ त घेतला, व इ. स. १६३६ त शाहजहानाच्या मुक्कामासाठीं वरच्या अंगास बारादरी बांधिली. पण हीच यादवांची देवगिरि. येथील सिंघण राजाचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यानें चाळीसगांवाजवळ पाटण येथें मठ स्थापिला, असें इ. स. १२०७ चा तेथील शिलालेख सांगतो, तो डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणिला. ज्या राजधानीच्या आश्रयानें भास्करांचें गणित पढविलें जात होतें, तिच्यापासून अवघ्या कांहीं कोसांवर चारशें-साडेचारशें वर्षांनीं त्याच गणिताच्या भाषांतरकारानें मकबरा उभारिला. यांत योगायोगाहून अधिक कांहीं पाहूं नये. परंतु योगायोग लक्षांत ठेवण्याजोगा खचित आहे.

खुलताबादेस शेख जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारांत औरंगजेबाची कबर आहे. तो इ. स. १७०७ त अहमदनगरास वारला, व त्याचें शव येथें आणिलें. कबर उघड्यावर, मातीची. भोंवतालची संगमरवरी जाळी ही विसाव्या शतकांतील, निजामाच्या राज्यांतील भर होय. ती मूळ पाठांत धरूं नये. उघडी कबर ही केवळ या एका बादशाहाची लहर, असेंही समजूं नये. काबूल येथें बाबराची व दिल्लीस जहानआरा बेगमेची (मृत्यु इ. स. १६८१) कबरही छतावांचून आहे. मूळ कोणतें व प्रक्षिप्त कोणतें हें जसें पोथींत, तसेंच इमारतींतही निवडून घ्यावें लागतें. बीबीच्या मकबऱ्याच्या पश्चिमेस असलेली मशीदही मागाहूनची, बहुधा निजामाच्या काळची, असें जाणते म्हणतात.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. आपल्याकडील जुन्या घरांत संस्कृत व मोडी बासनांबरोबर फारसी लिपीचे कागदही सांपडतात. ते वाचतां येत नाहींत म्हणून 'यावनी, निरुपयोगी' अशी चिठ्ठी लावून एका कोपऱ्यांत लोटलेलें बासन आम्हीं स्वतः पाहिलें आहे, आणि त्या वेळीं तेथून मुकाट्यानें उठून आलों आहों. पुनः तशी संधि आली तर असें करणार नाहीं. निदान पहिलें व शेवटलें पान जाणत्याकडून वाचवून घ्यावें. कोणी सांगावें, त्यांत भास्करच असतील. आणि मकबऱ्यास गेल्यास घुमटाकडे पाहण्यापूर्वीं क्षणभर दारांत थांबावें. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी हें वाचील तर त्यानें आपल्या वहींतील आझमशाहाचें नांव खोडून तेथें अताउल्ला व हंसपत राय हीं दोन नांवें लिहावीं.