पाळीची अनियमितता : संकोच नको, उपचार हवा

इंदूर जिल्ह्यातील महू हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान म्हणून आपणा सर्वांस परिचित आहे. कामगार स्त्रियांना प्रसूतिकाळात विश्रांती व आर्थिक साह्य मिळावे, यासाठीच्या विधेयकास बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात पाठिंबा दिला होता. स्त्रीचे आरोग्य ही केवळ घरातली बाब नव्हे, हीच त्यामागील भूमिका होती. त्याच महूतील एका महाविद्यालयात झालेले एक व्याख्यान ऐकण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. विषय होता ‘पीसीओएस’, म्हणजेच बोलीत ज्यास ‘पीसीओडी’ म्हणतात, त्या विकारासह जगणे.

व्याख्यानानंतर प्रश्न विचारण्यास सांगताच सभागृह स्तब्ध झाले. परंतु नाव न लिहिता चिठ्ठी देण्याची मुभा मिळताच समोरचा डबा भरून गेला. एका चिठ्ठीचा आशय असा होता : चार महिने पाळी आली नाही, आईला कसे सांगू?

विकाराचे स्वरूप

स्त्रीच्या अंडाशयातून साधारणतः दर महिन्यास एक बीज परिपक्व होऊन बाहेर पडते. या विकारात संप्रेरकांचे संतुलन ढळते व बीज अर्धवट वाढून तेथेच राहते. सोनोग्राफीत अशी अनेक लहान पुटे दिसतात. त्या गाठी नव्हेत, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. पाळी लांबणे, चेहऱ्यावर राठ केस उगवणे, मुरमे येणे, डोक्यावरील केस विरळ होणे ही याची लक्षणे होत. अनेकींचे वजन वाढते. तथापि सडपातळ मुलींनाही हा विकार होतो. शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांच्या निरीक्षणावरून त्याचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील शंभर स्त्रियांपैकी सुमारे दहा ते तेरा जणींना तो असतो आणि बहुसंख्य स्त्रियांना त्याची कल्पनाही नसते.

दुर्लक्षाचे परिणाम

या विकारात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. त्यामुळे पुढे तरुण वयातच मधुमेह जडण्याचा धोका वाढतो. पाळी दीर्घकाळ न आल्यास गर्भाशयाच्या आतील अस्तर जाड होत जाते व कालांतराने कर्करोगाचा संभव वाढतो. मनावरही ताण येतो. चेहऱ्यावरील केसांवरून होणाऱ्या थट्टेमुळे मुली लोकांत मिसळणे टाळतात. मूल होणारच नाही, ही समजूत मात्र चुकीची आहे. योग्य उपचारांनी बहुतेकींना मातृत्व लाभते.

निदान व उपचार

पाळी सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी ती अनियमित असणे स्वाभाविक होय. परंतु तीन वर्षे उलटल्यावरही दोन पाळ्यांत ३५ दिवसांहून अधिक अंतर पडत असेल, किंवा पहिल्या वर्षानंतर एकदाही ९० दिवसांहून अधिक काळ पाळी आली नाही, तर डॉक्टरांस दाखवावे. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी सुरूच झाली नसेल, तरीही तपासणी आवश्यक आहे. थायरॉइडसारखी अन्य कारणे वगळूनच निदान केले जाते.

हा विकार समूळ नाहीसा करणारे औषध नाही. पण तो ताब्यात ठेवता येतो. आठवड्यास किमान अडीच तास व्यायाम, वेळेवर साधा व समतोल आहार, पुरेशी झोप हा पहिला उपाय होय. वजन अधिक असल्यास ते थोडे उतरले तरी पुष्कळदा पाळी नियमित होते. गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात आणि रक्तातील साखर वेळोवेळी तपासून घ्यावी.

मौनाचा अडसर

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची पाहणी करून तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. शंभरातील ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. त्यांची पूर्वी तपासणी झाली होती ती मात्र शंभरात अवघ्या आठ जणींची. ते रोग बहुतांशी निराळे होते; परंतु त्यांना झाकून ठेवणारा संकोच तोच होता, जो महूच्या सभागृहात दिसला.

२०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमान्वये १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांतून सल्ला केंद्रे चालविली जातात. महाराष्ट्रात त्यांस ‘मैत्री’, तर मध्य प्रदेशात ‘उमंग’ म्हणतात. शिक्षकांनी या केंद्रांची माहिती वर्गात द्यावी. आशाताईंनी मातांच्या बैठकीत हा विषय काढावा. लग्न झाले की सारे सुरळीत होईल, असे म्हणून वडीलधाऱ्यांनी उपचार लांबणीवर टाकू नयेत.

चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलीस व्याख्यात्या डॉक्टरबाईंनी उत्तर दिले : “ताप आला की सांगतेस ना, तसेच सांग.” हे सांगणे सोपे व्हावे, असे वातावरण प्रत्येक घरात निर्माण करणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.