वीतभर रणगाड्यावरची ताडपत्री

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

प्लास्टिकचे छोटे रणगाडे जोडत बसण्याचा मला गेल्या वीस-पंचवीस वर्षांचा नाद आहे. घरी आलेला पाहुणा कपाटाकडे बघतो आणि हमखास विचारतो, 'हे सगळं मुलाचं का?' मीही मग विषय बदलतो. पण आज बोलायचं आहे ते रणगाड्यांबद्दल नाही, त्यांच्यावर टाकलेल्या कापडाबद्दल. पोलाद खोक्यातून तयारच येतं. ताडपत्री, तंबूचं कापड, तोफेच्या मुळाशी बसवलेलं धूळरोधक आवरण हे मात्र बहुतेक वेळा ज्याचं त्यालाच करावं लागतं, आणि भलेभले तिथेच फसतात.

माझी फजिती झाली ती अल्-अलामीनच्या रणगाड्यापायी. 23 ऑक्टोबर 1942 च्या रात्री इजिप्तच्या वाळवंटात ही लढाई सुरू झाली. त्याआधी ब्रिटिशांनी शत्रूच्या विमानांना फसवण्यासाठी एक मोठा बनाव रचला होता. 'ऑपरेशन बर्ट्रम' हे त्याचं नाव. त्यात रणगाड्यांवर 'सनशील्ड' चढवत. हलका सांगाडा, त्यावर कॅनव्हास. वरून पाहणाऱ्याला दिसायची ती मालवाहू लॉरी! अशी सातशेहून अधिक आवरणं वापरली गेली. खऱ्या लॉऱ्या आधी तिथे आणून उभ्या केलेल्या होत्या, म्हणजे शत्रूच्या नजरेला त्यांची सवय झालेली. मग रात्री रणगाडे गुपचूप येऊन त्यांच्या जागी या आवरणांखाली शिरले. पुढे नोव्हेंबरात चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये या मायाजालाची तारीफ केली. त्या वाळवंटात आपली चौथी भारतीय डिव्हिजनही होती.

हे मॉडेल करायचं मी ठरवलं. प्रमाण एकास पस्तीस, म्हणजे सहा मीटरचा रणगाडा जेमतेम सतरा सेंटिमीटरचा, वीतभरसुद्धा नाही. सांगाडा तारेचा केला आणि वर घातलं खरं कापड, जुन्या धोतराचा मऊ तुकडा. खऱ्या कापडाइतकं खरं दुसरं काय असणार, असा माझा हिशेब!

शेजारी सुभेदार काका राहतात. सैन्याच्या रसद-वाहतुकीत नोकरी झालेली, उमेदीची वर्षं शक्तिमान ट्रकवर गेलेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून मॉडेल पाहिलं.

'मास्तर, लॉरी बरी आहे. पण तिला गोधडी का पांघरलीय? थंडी वाजतेय का?'

मी म्हटलं, 'काका, ती ताडपत्री आहे.'

'ताडपत्री आहे, तर मग गाडी भरलेली आहे का रिकामी, ते सांगा.'

मला सांगता येईना. ज्या कापडाने अख्ख्या शत्रुसैन्याला 'भरलेली लॉरी' असं पटवलं, त्याची माझी नक्कल शेजारच्या काकांनाही पटली नव्हती.

असं का व्हावं? एक कारण जाडीचं. साध्या छपाईच्या कागदाची जाडी एक दशांश मिलिमीटर. पस्तीस पटीने ती झाली साडेतीन मिलिमीटर. एवढ्या जाडीची ताडपत्री कोणी पाहिली आहे? धोतर तर कागदाहूनही जाड. त्याच्या विणीतला एकेक धागा या मापात दोरखंडाएवढा दिसतो.

दुसरं कारण अधिक गमतीचं आहे. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधले एफ. टी. पीअर्स यांनी 1930 मध्ये कापडाचा लोंबतेपणा मोजायची रीत मांडली. कापडाची पट्टी टेबलाच्या कडेवरून पुढे सरकवायची आणि ती आपल्याच वजनाने किती वाकते ते पाहायचं. वजन वाकवायला बघतं, ताठरपणा आडवा येतो. या दोघांच्या झटापटीतून चुणी तयार होते. आता समजा, एखाद्या जादूगाराने आपल्याला पस्तीस पट पातळ असं कापड विणून दिलं. तरी गणित सांगतं की मॉडेलवर ते खऱ्या ताडपत्रीच्या तिप्पटीहून थोडं जास्तच ताठ दिसेल. कापड लहान करता येतं, पृथ्वीची ओढ कुठे लहान करता येते? त्यामुळे मॉडेलवर कापडासारखं दिसायला हवं असेल, तर कापड वापरूनच चालत नाही. त्याचं वजन दुसऱ्या कशाकडून तरी उसनं आणावं लागतं.

ही युक्ती जुनीच आहे. सोळाव्या शतकातला चरित्रकार वासारी सांगतो की, तरुण लिओनार्दो दा विंची मातीच्या आकृत्या करून त्यांच्यावर ओल्या मातीत बुडवलेली फडकी टाकायचा आणि समोर बसून त्या चुण्या चितारायचा. मातीमुळे फडक्याला भार यायचा आणि पडलेली चुणी मोडायची नाही.

आमच्याकडे मातीच्या जागी फेविकॉल. नाक पुसायच्या टिश्यूचे पदर सुटे करायचे आणि एकच पदर घ्यायचा. फेविकॉलमध्ये साधारण तेवढंच पाणी घालून तो त्यात भिजवायचा आणि चिमट्याने अलगद जागेवर सोडायचा. आता तो पदर जड झालेला असतो, आणि पाणीच त्याला खाली ओढतं. मात्र पाणी ओढतं तसं चिकटवतंही. भिजलेलं लुगडं अंगाला चिकटावं तसा कागद प्रत्येक खिळ्याला जाऊन चिकटतो. जाड ताडपत्री असं करत नाही. म्हणून अर्धवट वाळेपर्यंत थांबायचं आणि मग ब्रशच्या मागच्या टोकाने तो ठिकठिकाणी सोडवून घ्यायचा. आणखी एक खोड म्हणजे वाळताना कागद आखडतो आणि सांगाड्यावर ढोलकीसारखा ताणला जातो. दोन कमानींमधला झोळ तेव्हाच बोटाने दाबून ठेवला नाही, तर नंतर येत नाही.

झोळ कुठे यायला हवा, हे मात्र बाजार समितीच्या आवारात जाऊन शिकावं. मी पावसाळ्यात तिथे दोन सकाळी नुसता उभा राहिलो. हमाल विचारायला लागले, 'गाडी भरायचीय का?' पाहिल्यावर कळलं की चुणी कुठूनही निघत नाही. ती आधारापासून निघते. जिथे दोरीने खेचलंय तिथून ती पंख्यासारखी पसरते. दोन आधारांमध्ये कापड झोळीसारखं उतरतं. रिकाम्या ट्रकवर झोळ खोल, आत पाणी साचलेलं. भरलेल्यावर पोत्यांचे उंचवटे दिसतात आणि कडा घट्ट. काका विचारत होते ते हेच. मी चुण्या शोभेसाठी पाडल्या होत्या, त्यांना ओढणारं काहीच नव्हतं.

रणगाड्याच्या पाठीवर बांधलेली ताडपत्रीची गुंडाळी करायची असेल, तर मी दोन भागांचा इपॉक्सी लांबी-गोळा वापरतो, नळाच्या गळतीला लावतात त्या जातीचा. मळून, पाटावर पीठ भुरभुरावं तशी टाल्कम पावडर भुरभुरून, गुळगुळीत पेन्सिलीने पोळीसारखा लाटायचा. पोळी जमली की घडी घालून गुंडाळायची. कडा मात्र ओल्या बोटाने पातळ करायची. जाड कडेवरच चोरी पकडली जाते. दोरी वाळल्यावर बांधू नये. लांबी मऊ असतानाच बांधावी, म्हणजे ती कापडात रुतते आणि दोन्ही बाजूंनी कापड फुगून येतं. बारा मिलिमीटरच्या दोराला तीनेक दशांश मिलिमीटरचा शिवणदोरा पुरतो, फक्त मेणावरून ओढून त्याची लव बसवून घ्यावी.

रंगाबद्दल एवढंच, की चकाकी नको. उंचवट्यांवर फिकट, खाचांत पातळ तपकिरी आणि वर वाळवंटाची धूळ.

धोतर काढून टाकून सनशील्ड मी तीनदा केलं. तिसऱ्याला आतून कापसाच्या गोळ्या लावून पोत्यांचे उंचवटे काढले. काका आले, वाकून बघितलं, एका बाजूने दोऱ्या मोजल्या.

'भरलेली आहे,' ते म्हणाले.

मग मी वरचं आवरण उचललं आणि आतला रणगाडा दाखवला. काका जरा वेळ गप्पच राहिले. नंतर म्हणाले, 'ते ठीक आहे. पण मास्तर, मागच्या कोपऱ्याची गाठ सैल आहे. पहिल्या वळणाला सुटेल.'