पात्र आणि व्यक्ती : डोना रीड

श्रोतेहो, ‘व्यक्ती म्हणजे काय’ हा आपला नेहमीचा प्रश्न आज आपण एका अमेरिकन अभिनेत्रीच्या आयुष्यातून पाहणार आहोत. तिचं नाव डोना रीड. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात सिनेनटीचं काय काम, असं कुणी विचारेल. इंग्रजीतला ‘पर्सन’ हा शब्द लॅटिन ‘पर्सोना’वरून आला, आणि पर्सोना म्हणजे नाटकातला मुखवटा. मराठीत आपण ‘पात्र’ म्हणतो. पात्र म्हणजे भूमिका आणि पात्र म्हणजे भांडंही. भांड्यात आपल्याला हवं ते आपण ओततो. ते भांडं कशाचं घडलंय, हे मात्र सहसा विचारत नाही. आजचा मुद्दा एवढाच.

डोनाचा जन्म २७ जानेवारी १९२१ चा, आयोवा राज्यातल्या डेनिसन गावचा. शेतकरी कुटुंब, पाच भावंडांत ही थोरली, आणि वाढीचं वय सगळं महामंदीत गेलेलं. शिक्षणासाठी ती लॉस एंजेलिसला गेली आणि १९४१ साली मेट्रो-गोल्डविन-मेयर या स्टुडिओशी करारबद्ध झाली. मूळचं आडनाव मुलेंजर. ‘रीड’ हे स्टुडिओनं दिलेलं. म्हणजे पहिला मुखवटा नावाचाच!

दुसरं महायुद्ध चालू होतं. आघाडीवरचे सैनिक तिला पत्रं लिहीत. त्यांच्या लेखी ती झगमगाटातली तारका नव्हती, गावाकडची ओळखीची मुलगी होती. अशी ३४१ पत्रं तिनं आयुष्यभर जपून ठेवली आणि त्याचा कधी गवगवा केला नाही. तिच्या मृत्यूनंतर मुलांना ती सापडली, आणि २००९ साली जगाला कळलं. हा तपशील लक्षात ठेवू या, आपल्याला पुढे लागणार आहे.

१९४६ साली फ्रँक काप्राच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मध्ये ती जेम्स स्टुअर्टची पत्नी मेरी झाली. चित्रपट तेव्हा फारसा चालला नाही. १९७४ साली त्याच्या हक्कांचं नूतनीकरण राहून गेलं, दूरचित्रवाणी केंद्रांना तो फुकट दाखवता येऊ लागला, आणि तो दर नाताळाचा ठरलेला चित्रपट होऊन बसला. सोज्वळ पत्नीचा शिक्का असा पक्का झाला. पण तिला ऑस्कर कशासाठी मिळालं? १९५३ च्या ‘फ्रॉम हिअर टू इटर्निटी’साठी, आणि तेही होनोलुलूच्या एका क्लबात पुरुषांचं मन रिझवून पैसे साठवणाऱ्या लोरीनच्या भूमिकेसाठी. कादंबरीत ही लोरीन उघडउघड वेश्या आहे. त्याच कलावतीनं दोन्ही पात्रं वठवली. प्रेक्षकांनी मात्र एकच लक्षात ठेवलं.

मग आली दूरचित्रवाणी. सप्टेंबर १९५८ ते मार्च १९६६, आठ हंगाम, २७५ भाग : ‘द डोना रीड शो’. त्या काळी गाजत असलेल्या एका कौटुंबिक मालिकेचं नावच मुळी ‘फादर नोज बेस्ट’ असं होतं. इथे मात्र घराचा कणा होती आई, डॉक्टरांची पत्नी डोना स्टोन. घर टापटीप, मुलं शहाणी, चेहऱ्यावर हसू. लाखो गृहिणी नकळत स्वतःला तिच्याशी ताडून पाहत असणार, आणि उणं कुणाच्या पदरी पडत असेल, ते सांगायला नको.

आता गंमत बघा. पडद्यावरची डोना दिवसभर घरी असते, कारण तिला साकारणारी डोना दिवसभर स्टुडिओत असते. हंगामाला सरासरी ३४ भाग, म्हणजे केवढं काम! घरी स्वतःची चार मुलं. मालिकेचा निर्माता तिचा पती टोनी ओवेन. पण मालिका उभी होती ती तिच्या नावावर आणि तिच्या श्रमावर. ‘कष्ट न दिसणारी गृहिणी’ हे चित्र एका नोकरदार बाईच्या कष्टातून तयार होत होतं. १९६३ साली तिला गोल्डन ग्लोब मिळालं, आणि त्याच वर्षी बेटी फ्रीडनचं ‘द फेमिनिन मिस्टिक’ आलं, ज्यानं सुखी म्हणवल्या जाणाऱ्या गृहिणींची घुसमट मांडली.

मग डोना रीड या खोट्या चित्राची भागीदार होती का? आम्हाला हा निवाडा घाईचा वाटतो. १९६७ साली व्हिएतनाम युद्धाविरुद्ध ‘अनदर मदर फॉर पीस’ ही संघटना उभी राहिली आणि ती तिची सहअध्यक्ष झाली. ती रिपब्लिकन पक्षाची नोंदणीकृत मतदार होती, म्हणजे कुणी बंडखोर नव्हे. देशानं तिला ‘आई’ ठरवलं होतं ना? तेच आईपण घेऊन ती युद्धाविरुद्ध उभी राहिली. आता ती ३४१ पत्रं आठवा. ती जपणाऱ्या बाईला ‘सैनिक’ हा शब्द कुणाच्या तरी मुलासारखाच ऐकू येत असणार, असं म्हणायला हरकत नाही.

शेवटचा प्रसंग १९८४ चा. ‘डॅलस’ मालिकेत बार्बरा बेल गेडीजच्या जागी मिस एलीची भूमिका तिला मिळाली. वर्षभरात बेल गेडीज परतल्या आणि हिला बाजूला केलं गेलं. सोज्वळ डोना स्टोननं कदाचित हसून सोडून दिलं असतं. डोना रीड न्यायालयात गेली. दहा लाख डॉलरहून अधिक रकमेवर तडजोड झाली. १४ जानेवारी १९८६ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, स्वादुपिंडाच्या कर्करोगानं तिचं निधन झालं.

तेव्हा पात्र खोटं नसतं. ते कुणाचं तरी काम असतं. चूक होते ती आपण त्या कामालाच माणूस समजतो आणि मग जिवंत माणसांना त्या मापानं मोजतो तेव्हा. आणि हे पडद्यापुरतं नाही. ‘आई’, ‘सून’, ‘गुरुजी’ ही आपल्या घरादारातली पात्रंच आहेत. ती निभावणाऱ्याचे कष्ट आपल्याला दिसतात का, एवढं तपासून पाहू या. आज इथेच थांबू.