‘रन’ म्हणजे फक्त धावणे? गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘रन’ हा शब्द मराठी माणसाला कुणी शिकवावा लागत नाही. क्रिकेटमुळे तो घराघरांत आला आणि कॉम्प्युटरमुळे कायमचा मुक्कामाला राहिला. पण इंग्रजी मजकूर वाचताना हाच ओळखीचा शब्द पावलोपावली अडवतो. इंग्रजीत नाक ‘रन’ होतं, नळ ‘रन’ होतो, कपड्याचा रंग ‘रन’ होतो. कुणी हॉटेल ‘रन’ करतं, कुणी निवडणुकीत ‘रन’ करतं, तर वर्तमानपत्र एखादी बातमी ‘रन’ करतं. मराठी माध्यमातून आलेली कितीतरी हुशार मुलं अशा वाक्यांपाशी थबकतात आणि ‘इंग्रजी आपल्याला जमणारच नाही’ असं मनाशी ठरवून टाकतात. त्यांच्या या भीतीला काही पक्के गैरसमज कारणीभूत आहेत. ते एकेक करून तपासू.

गैरसमज १ : ‘रन’चा खरा अर्थ पायांनी धावणे, बाकीचे सगळे मागाहून चिकटले.

वस्तुस्थिती : हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीतही हा शब्द माणसाच्या धावण्यासाठी आणि पाण्याच्या वाहण्यासाठी, दोन्हींसाठी वापरला जात होता. इंग्रजीच्या भावकीतल्या जर्मन भाषेत आज ‘रेनेन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनेन’ म्हणजे वाहणे, ओघळणे. दोन्हींचं मूळ एकच. म्हणून नळ किंवा नाक ‘रन’ होणं ही कविकल्पना नाही. तो या शब्दाचा फार जुना आणि सरळ अर्थ आहे. धावणारा माणूस आणि वाहणारं पाणी यांत समान काय, तर एका दिशेने सलग सुरू राहणारी गती. हा धागा हाती आला की पुढचं बरंच उलगडतं. नदीकाठाने रस्ता ‘रन’ होतो तेव्हा जागचं काहीच हलत नाही, आपली नजर मात्र त्या रस्त्यावरून सलग पुढे जाते. अगाथा ख्रिस्तीच्या ‘द माउसट्रॅप’ या नाटकाचा लंडनमध्ये १९५२ साली सुरू झालेला ‘रन’ २०२० मध्ये कोविडच्या साथीने थांबेपर्यंत अखंड चालला. तिथेही मुद्दा सातत्याचाच.

गैरसमज २ : इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ ‘सेट’ या शब्दाचे आहेत.

वस्तुस्थिती : सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत हे उत्तर अजूनही छापलं जातं. ते एके काळी बरोबर होतं. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये वीस खंडांत निघाली. तिच्यात ‘सेट’ या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ नोंदवले होते आणि ती नोंद सुमारे ६०,००० शब्दांची होती. तिसऱ्या आवृत्तीसाठी या कोशाची नव्याने फेरतपासणी सुरू झाली, तेव्हा ‘रन’चं काम पीटर गिलिव्हर या संपादकाकडे आलं. एवढ्या एका शब्दावर त्यांनी सुमारे नऊ महिने घालवले. २०११ च्या सुमारास ते काम जाहीर झालं, तेव्हा केवळ क्रियापदाचे अर्थ भरले ६४५.

‘रन’ पुढे गेला त्यामागे यंत्रयुगाचा मोठा हात आहे. गिरण्या, आगगाड्या, मोटारी, घड्याळं, शेवटी कॉम्प्युटर : जे जे यंत्र आलं त्याच्या चालू राहण्यासाठी इंग्रजीने हाच शब्द वापरला. यंत्र चालतं म्हणून कारखाना चालतो, कारखाना चालवणारा तो ‘रन’ करतो, आणि मग शाळा, संस्था, देशही ‘रन’ केले जाऊ लागले.

गैरसमज ३ : ६४५ अर्थ म्हणजे ६४५ गोष्टी पाठ करणं आलं.

वस्तुस्थिती : हा आकडा कसा निघतो ते समजलं की त्याची धास्ती उरत नाही. ऑक्सफर्डचा कोश ऐतिहासिक आहे. शब्द छापात कुठे, कधी, कसा आला याची अवतरणं गोळा करून त्यांच्या गटांतून अर्थ ठरवले जातात. १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या पहिल्या आवृत्तीत अशी १८ लाखांहून अधिक अवतरणं होती आणि त्यांतली पुष्कळशी कोशाचे संपादक जेम्स मरे यांच्या आवाहनाला प्रतिसाद देऊन सामान्य वाचकांनी चिठ्ठ्यांवर लिहून पाठवली होती. या कोशात शेकडो वर्षांपूर्वी मेलेले अर्थही असतात, जहाजावरचे, खाणीतले, विणकामातले खास अर्थही असतात. सकर्मक आणि अकर्मक प्रयोग वेगळे मोजले जातात. रोजच्या वाचनासाठी यातले मोजकेच लागतात आणि तेही पाचसहा घराण्यांत बसतात : धावणे, वाहणे, यंत्र किंवा काम चालणे, चालवणे, पसरत जाणे, ठरावीक काळ टिकणे.

आणि ही कसरत मराठी माणसाला नवी नाही. आपल्याला भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, आग लागते, दिवा लागतो, डोळा लागतो, निकाल लागतो, वेड लागतं. ‘ती माझी मावशी लागते’ असंही आपण म्हणतो. यातला एकही अर्थ कुणी आपल्याला यादी देऊन शिकवलेला नाही.

गैरसमज ४ : ‘रन’ला मराठीत नेमका शब्द नाही, म्हणजे मराठी तोकडी पडते.

वस्तुस्थिती : कोणत्याही दोन भाषांतले शब्द एकास एक जुळत नाहीत. इंग्रजीने एका शब्दावर टाकलेला भार मराठीने वाटून दिला आहे. माणूस धावतो, पाणी वाहतं, यंत्र चालतं, रंग जातो, निवडणूक लढवतात, बातमी छापतात. उलट आपलं ‘चालणे’ जिथे पोहोचतं तिथे ‘रन’ जात नाही. ‘चहा नसेल तर कॉफी चालेल’ हे वाक्य इंग्रजीत ‘रन’ वापरून कधीच होणार नाही. नाणं चालतं, कुणाचं कुणापुढे काही चालत नाही, बोलणी चालतात. प्रत्येक भाषेने आपली ओझी वेगळ्या खांद्यांवर दिली आहेत, एवढाच याचा अर्थ.

गैरसमज ५ : ‘रन’पुढे आलेल्या छोट्या शब्दाचा अर्थ जोडला की काम झालं.

वस्तुस्थिती : सर्वाधिक चुका इथेच होतात. ‘रन’ आणि ‘आउट’ यांचे अर्थ जोडले तर बाहेर धावणे होईल. पण साखर ‘रन आउट’ झाली म्हणजे संपली. ‘रन इनटू’चं तर सोबतीप्रमाणे रूप पालटतं : मित्राला म्हणजे अचानक भेट, भिंतीला म्हणजे धडक, अडचणींत म्हणजे सापडणं, आणि खर्च कोटींत म्हणजे तिथवर पोहोचणं. बॅटरी ‘रन डाउन’ होते तेव्हा ती उतरते, कुणाला ‘रन डाउन’ करतात तेव्हा त्याची निंदा करतात. हे जोड म्हणजे स्वतंत्र शब्दच आहेत आणि ते तसेच शिकायला हवेत.

गैरसमज ६ : क्रिकेटमधला ‘रन’ म्हणजे धावून मिळवलेला गुण.

वस्तुस्थिती : सुरुवात तिथून झाली, हे खरं. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये धावा मोजण्यासाठी काठीवर खाचा पाडत आणि गुणांनाही ‘खाचा’ या अर्थाचाच शब्द होता. पुढे धावण्यावरून आलेला शब्द रुजला आणि मग धावण्यापासून सुटलाही. आज चेंडू सीमापार गेला की फलंदाज जागेवरून न हलता चार किंवा सहा ‘रन’ मिळवतो, आणि वाइड चेंडूवर तर त्याने बॅटही लावलेली नसते. खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे ६६ फुटांची असली तरी एका धावेसाठी फलंदाजाला दोन क्रीजमधलं ५८ फुटांचंच अंतर कापायचं असतं. बेसबॉलमध्ये एका ‘रन’साठी ९० फुटांवरची चारही ठाणी पार करावी लागतात. शब्द एक, मोजमाप वेगळं. मराठीने ‘धाव’ आणि ‘धावबाद’ हे शब्द घडवले तेव्हा हा सगळा इतिहास आपण सहज आपलासा केला.

गैरसमज ७ : हे अर्थ जगभर सारखेच चालतात.

वस्तुस्थिती : अमेरिकेत उमेदवार निवडणुकीत ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. मराठीतही तो उभाच राहतो. भारतातली इंग्रजी वर्तमानपत्रं बहुतेकदा ‘कंटेस्ट’ लिहितात. पायमोज्याचा धागा उसवून जी रेघ पडते तिला अमेरिकेत ‘रन’ आणि ब्रिटनमध्ये ‘लॅडर’ म्हणतात. मजकूर कुठला आहे ते पाहूनच अर्थ लावावा.

मग शिकायचं कसं? भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, ही त्यांची भूमिका पुढे कोशकारांनी उचलली. १९८७ मध्ये जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली निघालेल्या कोबिल्ड कोशाने तर प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचा कॉम्प्युटरवर साठा करून, पूर्ण वाक्यांत अर्थ सांगितले. विद्यार्थ्यांसाठी असा कोश हाताशी ठेवणं उत्तम. वहीत ‘रन = धावणे’ असं लिहू नये. ज्या वाक्यात शब्द भेटला ते अख्खं वाक्य उतरवावं, त्यात कोण ‘रन’ होतंय आणि पुढे कोणता छोटा शब्द आहे ते अधोरेखित करावं, आणि शेजारी आपण मराठीत तेच कसं म्हणू ते लिहावं. अशी वीसपंचवीस वाक्यं जमली की घराणी आपोआप दिसू लागतात. ‘लागणे’चे डझनभर अर्थ शाळेत जाण्याआधीच आत्मसात केलेल्या मुलाला हे जमणार नाही, असं कुणी त्याला सांगू नये आणि त्यानेही ते मानू नये.