चौकट पोलादाची की अॅल्युमिनिअमची?

अकोल्यात किंवा अमरावतीत नवे व्यापारी संकुल उभे राहू लागले, की दरवाजांच्या चौकटी कशाच्या बसवाव्यात हा प्रश्न येतोच. सागवान महाग, मग उरतात पोलाद आणि अॅल्युमिनिअम. ‘अॅल्युमिनिअम गंजत नाही, तेच घ्या,’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. का, ते पाहू.

प्रथम उष्णता. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. उन्हातला धातू ६० अंशांपर्यंत तापतो आणि हिवाळ्यातल्या पहाटे १० अंशांवर येतो, असे धरू. फरक ५० अंशांचा. तापमान एक अंशाने वाढले, की एक मीटर लांबीचे अॅल्युमिनिअम सुमारे ०.०२३ मिलिमीटर वाढते, पोलाद ०.०१२. म्हणजे ४ मीटर रुंदीच्या दर्शनी चौकटीत अॅल्युमिनिअम ४.६ मिलिमीटर वाढेल, पोलाद २.४. काँक्रीटचे प्रसरण जवळपास पोलादाइतकेच असते. म्हणून तर सळया आणि काँक्रीट एकत्र नांदतात. अॅल्युमिनिअमभोवती मात्र फट सोडून ती लवचीक पदार्थाने भरावी लागते. नाहीतर चौकट वाकते, काच तडकते.

दुसरा गुण ताठरपणाचा. अॅल्युमिनिअमचे वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण ताठरपणाही एक तृतीयांशच. काचेच्या हलक्या दारांना ते पुरते. दिवसभर आपटणाऱ्या जड दाराच्या बिजागऱ्यांना पोलादाचा आधार बरा.

आता गंज. अॅल्युमिनिअमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर बसतो आणि आतला धातू वाचतो. लोखंडाचा गंज फुगतो, सुटतो आणि खालचा धातू पुन्हा उघडा पाडतो. पण पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत, खारपाणपट्टा आहे. तेथील भूजलातले क्लोराइड अॅल्युमिनिअमचा हा थरही जागोजागी फोडते आणि धातूला बारीक खड्डे पडतात. ओल्या सिमेंटमधील अल्क तर हा थर विरघळवते. म्हणून या चौकटी गिलाव्यानंतर बसवाव्यात. पोलादी चौकटीला जस्ताचा मुलामा हवा. ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचते.

सर्वांत महत्त्वाची आग. बंद खोलीत आग भडकली, की छताजवळची हवा काही मिनिटांत ६०० अंशांपुढे जाऊ शकते. अॅल्युमिनिअमच्या मिश्रधातूंची निम्म्याहून अधिक ताकद ३०० अंशांपर्यंतच सरते आणि ६६० अंशांच्या आसपास ते वितळतात. पोलाद ५५० अंशांना निम्मी ताकद टिकवून असते. तेही अखेर मऊ पडते. पण माणसांना बाहेर पडण्यापुरता वेळ मिळतो.

तेव्हा एका इमारतीला एकच धातू, हा आग्रह नको. दर्शनी काचेला अॅल्युमिनिअम चालेल. जिन्याच्या व आणीबाणीच्या दारांना अग्निरोधक म्हणून तपासलेली पोलादी चौकट आणि तसेच दार हवे.

शिक्षकांनी वर्गात एक साधा प्रयोग करावा. खारे पाणी दोन पेल्यांत घ्या. एकात साधा खिळा, दुसऱ्यात जस्ताचा मुलामा दिलेला खिळा ठेवा. तिसऱ्या पेल्यात पावसाच्या पाण्यात साधा खिळा ठेवा. आठ दिवस नोंदी करा. नंतर विद्यार्थ्यांना आपल्याच शाळेच्या चौकटींचे तळ तपासायला सांगा. गंज आधी खालीच का दिसतो, याचे उत्तर ते स्वतःच शोधतील.