काडतूस जड हवे की हलके?

रायफलीच्या गोळीची ताकद नुसत्या व्यासावर ठरत नाही. आपल्या लष्करातल्याच तीन रायफली पाहा. इन्सासचे काडतूस ५.५६ × ४५ मिलिमीटरचे, एके-२०३ चे ७.६२ × ३९, तर सिग ७१६ चे ७.६२ × ५१. यातला दुसरा आकडा पुंगळीची लांबी सांगतो. साधारण सारख्याच जाडीच्या पुंगळ्यांत, पुंगळी लांब असली की दारू जास्त मावते.

गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत. म्हणून इन्सासची जेमतेम ४ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने सुटते, तेव्हा तिच्यात १,६०० ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. एके-२०३ ची गोळी दुप्पट जड, पण बरीच संथ. तिची ऊर्जा २,००० ज्यूलच्या घरात. सिगची साडेनऊ ग्रॅमची गोळी मात्र ३,३०० ज्यूलपर्यंत जाते आणि दूरवर जोर टिकवते.

मग सगळ्यांना सिगच का नको? कारण ओझे आणि धक्का. ५.५६ चे काडतूस साधारण १२ ग्रॅमचे, ७.६२ × ५१ चे त्याच्या दुप्पट. म्हणजे दोनशे काडतुसांमागे जवळजवळ अडीच किलोंचा फरक, तोही डोंगर चढणाऱ्या जवानाच्या अंगावर. शिवाय जोरदार धक्क्याने नेम हलतो, पुढची गोळी साधायला वेळ लागतो.

म्हणूनच परिणामकारकता ठरवताना आधी अंतर विचारावे, मग भूभाग आणि जवानाच्या अंगावरचे ओझे. सर्वांत ताकदवान काडतूस प्रत्येक मोहिमेसाठी सर्वांत योग्य असतेच असे नाही.